छापील बाजू खाली

९ जानेवारी

ती. मावशीस,
खारूचा नमस्कार.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं सासूबाईंना ऐकू जातं, म्हणून पत्र लिहिते आहे. आई असती तर तिलाच विचारलं असतं. ती नाही, म्हणून तुला विचारते. चिडू नकोस.

मोठी पाच वर्षांची झाली, धाकटी दोन. तिसरं नको, हे आमचं दोघांचं ठरलेलं आहे. प्रश्न आहे तो त्यासाठी करायचं काय याचा. धाकटीनंतर मी तांबी बसवून घेतली होती. महिन्यातले बारा-बारा दिवस अंगावरून जायचं, लॉन्ड्रीत इस्त्रीपुढे उभं राहवेना. आठ महिन्यांनी काढून टाकली. मग गोळ्या. त्यांनी डोकं असं धरायचं की मुलींच्या हाका नकोशा व्हायच्या. शिवाय गोळी रोज आठवणीने घ्यायची, आणि माझी आठवण तुला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात नऊ दिवस वर गेले. ते मी कसे काढले माझं मला माहीत. दहाव्या दिवशी पाळी आली तेव्हा लॉन्ड्रीच्या न्हाणीघरात बसून आनंदाने रडले. बाहेरून कुणीतरी विचारलं, "अगं, कोण गेलं?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. एक तर मागे फिरता येईल असं काही घ्या. दुसऱ्या जातीची तांबी असते, तीन महिन्यांचं इंजेक्शन असतं, दंडात बसवायची काडी असते, निरोध तर आहेच. नाहीतर कायमचं करा. कायमचं म्हणजे कायमचं धरूनच चाला. पुढे मन बदललं तर जोडता येतं असं लोक सांगतात, पण त्याची खात्री मी देणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. आणि कायमचंच करायचं तर बाईपेक्षा पुरुषाचं सोपं. तर हा लगेच म्हणाला, "मग माझंच करा." मावशी, मी त्याच्याकडे बघतच राहिले. लिफ्टच्या विहिरीत दहाव्या मजल्यावर लोंबकळून काम करणारा माणूस, पण इंजेक्शनची सुई दिसली की याला घाम फुटतो.

घरी कळल्यावर सासूबाईंनी आकाश डोक्यावर घेतलं. "बायको धडधाकट असताना पुरुषाला कापायचं? त्याला वजनं उचलायची असतात!" मी रोज शंभर ओल्या चादरी उचलते, ते वजन त्यांना दिसत नाही. दोन्ही मुलीच आहेत हे त्या तोंडाने बोलत नाहीत, पण भाजी निवडताना सुस्कारे टाकतात.

वीस फेब्रुवारीची तारीख मिळाली आहे. तोवर ठरवायचं. मी सत्तावीस वर्षांची आहे. तिसरं नको असलं तरी 'कायमचं' हा शब्द ऐकला की मी विषय बदलते. तू काय म्हणतेस? आई एकदा बोलता बोलता म्हणाली होती की काकांनीही हेच ऑपरेशन करून घेतलं होतं. खरं का? त्या काळात? सांग ना सगळं.

तुझी,
खारू


१८ जानेवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा खिडकीशी, एकदा दिव्याखाली, कारण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि डाव्याचा पहिल्यापासूनच भरवसा नाही. फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन ठरलं आहे. म्हणजे तुझा नवरा आणि मी, एकाच महिन्यात टेबलावर.

वाचनालयात सध्या पाठी उसवलेली पुस्तकं शिवायला घेतली आहेत. लोक वाचतात ती पुस्तकं लवकर फाटतात. जी वर्षानुवर्षं नवीकोरी राहतात त्यांच्यावरची धूळ पुसताना मला त्यांचं वाईट वाटतं. घरी मी आणि घड्याळ. दोन खुर्च्या आहेत, दुसरीवर पुस्तकं ठेवते. थोरलीचा वाचनालयात फोन येतो, मी हो हो म्हणते. धाकट्याचं पत्र पत्ता बदलला की येतं, तेवढंच.

तू विचारलंस म्हणून सांगते. मागे फिरता येईल असंच काहीतरी घ्या. तू अजून लहान आहेस. दंडातली काडी बघ, इंजेक्शन बघ. एक नाही सोसलं म्हणजे दुसरं सोसणार नाही असं थोडंच आहे. पण पुरुषाच्या ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नका.

तुझ्या काकांनी केलं होतं. माझी तब्येत बरी नव्हती म्हणून केलं. तो त्यांचा चांगुलपणा होता. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

इतकं सांगूनही करणारच असाल, तर दवाखान्यातून जो कागद देतील तो वाच. त्याच्यावर सोडू नकोस, तू स्वतः वाच. दोन्ही बाजूंनी.

मुलींना पापे.

तुझी,
मावशी


२ मार्च

ती. मावशीस नमस्कार.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. सगळे म्हणतात तेच तूही म्हणालीस. 'तू अजून लहान आहेस' म्हणजे काय, ते मला कळतं. म्हणजे अजून एकदा बघा, या खेपेला मुलगा होईल. तुला मुलगा आहे, तुला बोलायला काय जातं? सासूबाईंचे सुस्कारे मी ऐकून घेते. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

तर कळवते की झालं. वीस तारखेला सकाळी गेलो, दुपारी घरी. पंधरा मिनिटांचं काम, टाकासुद्धा नाही. सुई बघून घाम फुटला तेवढाच. चार दिवस घरी बसला, मोठीबरोबर पत्ते खेळला, हरला. पाचव्या दिवशी कामावर. त्याचे जोडीदार चिडवायला टपलेलेच होते. एक म्हणाला, "आता तुझी लिफ्ट मधल्या मजल्यावरच थांबणार!" हा म्हणाला, "लिफ्ट वरपर्यंत जाते रे, फक्त आत कुणी नसतं." घरी येऊन मला सांगताना स्वतःच इतका हसला की सासूबाई विचारायला आल्या. त्यांना काय सांगणार!

निघताना दवाखान्यातल्या नर्सने निरोधाच्या पाकिटांची पिशवीच हातात ठेवली. ऑपरेशन झाल्यावर ती कशाला? माल संपवायचा असेल. त्याने बाहेरच्या बाहेर जोडीदाराला देऊन टाकली. तुझा तो कागदही होता, त्याच्या हत्यारांच्या पिशवीत आहे. वाचेन, तुझ्या समाधानासाठी. दोन्ही बाजूंनी!

मावशी, लग्नाला सात वर्षं झाली. परवा पहिल्यांदा मी तारखा न मोजता त्याच्याजवळ झोपले. तुला हे लिहावं की नाही कळत नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

डोळ्याचं कसं झालं ते कळव. रागावले असले तरी काळजी आहेच.

खारू


१४ एप्रिल

खारू,

मायना नंतर. आधी हे वाच.

पुरुषाच्या ऑपरेशननंतर तीन महिने धोका असतो. नळी बंद केली तरी आधीचं बीज पुढे उरलेलं असतं. तीन महिने निरोध वापरायचा, मग दवाखान्यात नमुना देऊन तपासून घ्यायचं. काही उरलं नाही असा रिपोर्ट आला की मगच मोकळं. ती पाकिटं त्यासाठीच होती. आजच्या आज त्याच्या पिशवीतला कागद काढून बघ.

आता उशीर का झाला ते. तुझं पत्र सात मार्चला आलं. माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. नंतर डोळा चिघळला, पट्टी लांबली. डाव्याने मला दारातलं माणूस ओळखू येत नाही, तिथे तुझं अक्षर काय लागणार. पाच आठवडे पत्र उशीखाली होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "द्या, मी वाचून दाखवते." ग्रंथपालांनी दोनदा विचारलं. मी नको म्हटलं. तुझ्या घरातलं, तुझ्या अंगातलं काही लिहिलेलं असेल, ते परक्याच्या तोंडून कशाला ऐकायचं, असं वाटलं. रोज हाताने चाचपून बघत होते. काल चष्मा मिळाला. घरी येऊन बसायच्या आधी पाकीट फोडलं.

फोन करायला गेले होते. वाचनालयात फोनसमोर उभी राहिले. पण ही गोष्ट मी इकडून ओरडून सांगायची आणि तिकडे फोन कोण उचलणार? परत आले.

मुलगा हवा म्हणून मी ते लिहिलं नव्हतं. ते राहू दे. आधी कागद.

मावशी


२५ एप्रिल

ती. मावशीस,

तुझं पत्र एकोणीसला आलं. मला सतराला कळलं होतं. दीड महिना झाला आहे.

त्याला सांगितलं तेव्हा तो बूट काढत होता. एक बूट पायात, एक हातात. माझ्याकडे बघून म्हणाला, "असं कसं?" बस, एवढंच. ओरडला असता तर मीही ओरडले असते. त्याने दुसरा बूट काढला, दोन्ही जागेवर नीट लावून ठेवले, आणि हात धुवायला गेला. त्या दिवसापासून पुढच्या खोलीत झोपतो. मुलींना सांगतो, पाठ धरली आहे.

तुझं पत्र दाखवलं. त्याने वाचलं, घडी घालून परत दिलं. म्हणाला, "हे तू लिहायला लावलंस." मी म्हटलं, तारीख बघ, माझं पत्र गेलंय तरी का मधे? तर म्हणतो, "मावशी काय डॉक्टर आहे? पुस्तकं शिवते ती." मग कागद शोधला. त्यात ग्रीसचा डबा गुंडाळलेला. नळ्यांचं चित्र तेवढं कळतं, बाकी सगळं काळं. म्हटलं, डॉक्टरीणबाईंकडे चल. म्हणतो, "जाऊन काय विचारू? चारचौघांत?" तपासणी करून घे म्हटलं तर लॅबमधला माणूस त्याच्या गल्लीतला, लहानपणी एकत्र खेळलेले.

लॉन्ड्रीचे सुपरवायझर मागे एकदा पाऊस होता म्हणून मला मोटारीने घरापर्यंत सोडायला आले होते. तेव्हा यानेच त्यांना वर बोलावून चहा पाजला होता. परवा पाणी पिता पिता विचारतो, "ते साहेब अजून असतात का तिथे?" मावशी, पेला त्याच्या हातात होता, पण मलाच गार वाटलं.

सासूबाईंचे सुस्कारेसुद्धा बंद झाले आहेत. त्याचीच जास्त भीती वाटते.

मी दवाखान्यात जाऊन मोकळी होऊ का? म्हणजे विषय संपेल. पण मग तो म्हणेल, बघा, लपवलं. आणि ठेवलं तर जन्मभर त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहील. इस्त्रीपुढे उभी असते तेव्हा वाटतं, इथल्या कुणाला तरी सांगावं. मग वाटतं, त्यांनाही तेच वाटेल.

तुला हे सगळं कसं माहीत, ते तरी सांग. तो तेच सारखं विचारतो.

खारू


१ मे

चि. खारूस,

जे लिहिते आहे ते तुझ्या आईलासुद्धा सगळं माहीत नव्हतं. हे पत्र त्याला वाचायला दे. मला लाज वाटेल म्हणून थांबू नकोस. लाजेचं वय गेलं.

आमची थोरली झाली तेव्हा माझं इतकं रक्त गेलं की मी आता जाते असंच सगळ्यांनी धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा बाळंतपण नको. काका कुणालाही न विचारता जाऊन ऑपरेशन करून आले. त्या वेळी पुरुषाने हे करणं म्हणजे नाक कापून घेणं होतं. घरी आले, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाले, "ठेव." त्यांना वाचता येत होतं. पण ऑपरेशन झालं, संपलं, आता वाचायचं काय, असं त्यांना वाटलं असणार. मला तर अक्षरओळखच नव्हती. मला वाटलं पावती आहे.

काका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. काड्या बसवायचं काम घरी आणायचे. त्याचे स्क्रू तिळाएवढे असतात. ते एका काळ्या डब्यात ठेवायचे आणि वेचताना त्यांचे डोळे दुखायचे. तो कागद चांगला जाड होता, एकाच बाजूला छापलेला. मी तो कापून डब्याच्या तळाला बसवला. छापील बाजू खाली, कोरी वर, म्हणजे पांढऱ्यावर स्क्रू दिसतील. काका खूश झाले. "हुशार आहेस," म्हणाले.

अडीच महिन्यांनी मला दिवस गेले.

त्यांनीही तेच दोन शब्द विचारले. "असं कसं?" मी म्हटलं, "मला काय माहीत." खरं तेच सांगितलं. पण खोटं बोलणारी बाईही तेच सांगते. डॉक्टरांकडे चला म्हणायचं मला सुचलं नाही, आणि त्यांना ते लाजिरवाणं वाटलं. धाकटा झाला. मी या वेळीही वाचले.

त्यानंतर एकोणीस वर्षं त्या विषयावर एक शब्द नाही. त्यांनी मला मारलं नाही, टाकलं नाही, चारचौघांत बोल लावला नाही. लोक म्हणायचे, काय भला माणूस. होतेच. धाकट्याला कपडे आणले, शाळेत घातलं. पण उचलून घेतलं नाही. तो रांगत जवळ गेला की हे खुर्चीवर पाय वर घ्यायचे, खाली पाणी सांडल्यावर आपण घेतो तसे. माझ्याशी बोलायचे ते भाजीचं, भाड्याचं. एकाच खोलीत दोन माणसं इतकी वर्षं एकेकटी राहू शकतात, हे सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही.

सतराव्या वर्षी धाकटा घर सोडून गेला. त्याची पत्रं यायची. काका ती न फोडता फळीवर ठेवायचे. वाचून दाखवा म्हणायची सोय नव्हती. म्हणून मी वाचायला शिकले. दुकानातला डोळे तपासायचा जुना तक्ता घरी होता, वर एकच मोठं अक्षर आणि खाली खाली बारीक. शेजारची शिक्षिका अक्षर सांगायची, मी तक्त्यावर शोधायची. दीड वर्ष लागलं. आधी धाकट्याची पत्रं वाचली, मग जे हाताला लागेल ते.

काका गेल्यावर त्यांची हत्यारं आवरताना तो डबा उपडा केला. कागद बाहेर पडला आणि छापील बाजू वर आली.

तो कागद सोबत ठेवते आहे. रजिस्टरने पाठवते, परत पाठव. त्यावर स्क्रूंचे गंजाचे डाग आहेत, पण तीन महिन्यांची ओळ अखंड आहे. सव्वीस वर्षांपूर्वी छापलेला कागद मी तुझ्यासाठी छापून घेतला असं तर जावईबापू म्हणणार नाहीत.

मी तुला मागे फिरता येईल असं घे म्हटलं ते एवढ्यासाठी. ऑपरेशन वाईट नाही. नीट केलं तर ज्यांना आणखी मूल नको त्यांच्यासाठी तेच सगळ्यात सोपं, हे मी आता वाचून जाणते. पण मला ते नाव काढायला नको होतं. तीन महिने थांबा, हे तीन शब्द लिहिले असते तरी पुरे होतं. ते लिहिले की पुढे तू विचारणार, तुला कसं माहीत. म्हणून मी 'दोन्ही बाजूंनी वाच' एवढं लिहून स्वतःचं समाधान करून घेतलं. माझं गुपित वाचवायला मी तुझं घर पणाला लावलं.

पोटातल्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव. अंग तुझं आहे, घरातल्या दोघी तुझ्या आहेत. पण त्याची शंका पुसायला म्हणून दवाखान्यात जाऊ नकोस. ती तशी पुसत नाही.

तुझी,
मावशी


२३ मे

ती. मावशीस,
खारूचा नमस्कार.

तुझं पत्र आणि कागद त्याच्या समोर ठेवला आणि मी मुलींना घेऊन बाहेर गेले. बागेत दोन तास बसलो. परत आलो तेव्हा तो कागद उजेडात धरून बसला होता. म्हणाला, "एकेक स्क्रू कुठे होता ते कळतंय."

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता स्वतः डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या म्हणे इतक्या तापल्या! "अहो, ती पाकिटं काय फुगे फुगवायला दिली होती?" सगळ्या वऱ्हांड्याने ऐकलं. चारचौघांची भीती होती, तर चाळीस जणांनी ऐकलं. तपासणीसाठी चार स्टॉप पलीकडच्या लॅबमध्ये गेला. रिपोर्टमध्ये आलं की अजून बीज आहे. स्वयंपाकघरात येऊन त्याने मला तो वाचून दाखवला आणि तिथेच ओट्याला टेकून खाली बसला. म्हणाला, "मी तुला काय विचारलं गं." मी कणीक मळत होते. हात थांबवले नाहीत.

मी मोकळी झाले. सहा दिवस झाले. त्याने विचारलं होतं, "ठेवायचं का? मला चालेल." मी म्हटलं, तिसरं आधीही नको होतं, आताही नको. हे मी ठरवलं, आणि त्याच्या शंकेसाठी नाही, हे त्याला दोनदा ऐकवलं. दवाखान्यात तो दिवसभर बाकावर बसून होता. पुढच्या महिन्यात परत तपासणी. तोवर पाकिटं आहेत, या वेळी त्याने कुणाला दिली नाहीत.

तो आत झोपायला आला आहे. मी भिंतीकडे तोंड करून झोपते. राग म्हणून नाही, सवय झाली. तीन आठवड्यांत एवढी सवय होते. तुझं एकोणीस वर्षांत काय झालं असेल, ते मी झोप येईपर्यंत मनात घोळवते.

त्याला खाली दोन ओळी लिहायच्या आहेत. कागद परत पाठवते आहे.

तुझी,
खारू

मावशी, नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही. कागद प्लास्टिकमध्ये घातला आहे, आता खराब होणार नाही. तुमची माफी कशी मागायची ते समजत नाही. मनात आलं ते लिहितो. काकांना हा कागद जिवंतपणी मिळायला हवा होता. मिळाला असता तर ते असतील तिथून उठून धाकट्याकडे गेले असते. मी गेलो असतो. तुमचा जावई.


९ जून

चि. धाकट्यास,
आईचे आशीर्वाद.

सोबत प्लास्टिकमध्ये एक कागद आहे. आधी तो वाच, मग हे.

तुझ्या बाबांचं ते ऑपरेशन तुझ्या आधी झालं होतं. कागदात लिहिलेले तीन महिने आम्हाला दोघांनाही माहीत नव्हते. त्या तीन महिन्यांतला तू आहेस. लहानपणी तू मला विचारलं होतंस, "बाबा माझ्याशी का बोलत नाहीत?" मी म्हटलं होतं, "त्यांचा स्वभावच तसा." तो त्यांचा स्वभाव नव्हता. तू आपला नाहीस असं त्यांना वाटत होतं, आणि ते चुकीचं आहे हे मला माहीत असून मला सिद्ध करता येत नव्हतं. तू त्यांचाच. माझ्या आयुष्यात दुसरा पुरुष नव्हता. हे मी मुलाला लिहावं, अशी वेळ यायला नको होती.

खारूच्या घरी याच कारणाने मोठं वादळ होऊन गेलं. तिला मी लिहिलं की हा कागद मला बाबा गेल्यावर सापडला. ते खोटं आहे. तिच्या नवऱ्याने भाबडेपणाने एक ओळ लिहिली, तेव्हापासून मला जेवण जात नाही. म्हणून तुला खरं लिहिते.

कागद सापडला तेव्हा बाबा आतल्या खोलीत होते. अंथरूण धरून तीन आठवडे झाले होते. मी तो वाचला, परत वाचला, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचला. हातात घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले. ते जागे होते. म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, डबा पुसतेय." आणि तळाशी परत बसवला, होता तसा, छापील बाजू खाली.

त्यानंतर ते पाच आठवडे होते. रोज सकाळी वाटायचं, आज दाखवू. मग त्यांचं अंग पुसायचं, औषध द्यायचं, आणि राहून जायचं. लोक म्हणतील, मरणाऱ्या माणसाला त्रास नको म्हणून दाखवला नसेल. मीही पुष्कळ दिवस स्वतःला तेच सांगितलं. पण खरं ते नाही. एकोणीस वर्षं त्यांना वाटत होतं की त्यांना काहीतरी माहीत आहे आणि मी गप्प आहे. आता मला माहीत होतं आणि ते काही न कळता पडून होते. ते हातातून सोडणं मला जमलं नाही. मी त्यांची शिक्षा म्हणून ते पाच आठवडे ठेवून घेतले. पण ते त्यांचे एकट्याचे नव्हते. तुझे होते. मी एक कार्ड टाकलं असतं तर तू आला असतास, आणि त्यांनी तुला हाक मारली असती. तू आलास तो ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी, दोन तास बसलास, त्यांच्या रिकाम्या खाटेकडे बघत. मी तुला चहा दिला. तेव्हाही बोलले नाही.

माफी मागत नाही. काय केलं ते तुला माहीत असावं एवढंच.

माझ्यापाशी तुला द्यायला एकच गोष्ट आहे. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा तुला फळ्यावरचं दिसेना. दुकानात तपासलं तर नंबर आला तो बाबांचाच, काच ज्या कोनात बसवायची तो कोनसुद्धा तोच. नंबरावरून बाप ठरत नाही हे मी नंतर वाचलं आहे. पण तुझ्या काचा त्यांनी स्वतः घासल्या, दुकानातल्या दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घासून झाल्यावर एक काच खिडकीच्या उजेडात धरून खूप वेळ उभे होते. मग तुला बोलावलं आणि चष्मा आपल्या हाताने तुझ्या नाकावर ठेवला. काड्या टोचतात का ते बघायला दोन्ही कानांमागून बोट फिरवलं, एकदा, आणि परत एकदा. मी दारात होते. त्यांनी तुला हात लावलेला मी पाहिला तो तेवढाच.

तुला तो आठवत असेल तर बरं होईल.

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. पत्ता बदललास तर तेवढा कळव, नेहमीसारखा.

आई